वाचकांचे प्रश्न : दोनशे कोटींची नोट आणि युद्धाचे बिल

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या पुरवठा दलात होते. ते इटलीत आणि नंतर ग्रीसमध्ये होते, एवढेच आम्हा घरच्यांना ठाऊक होते. यंदा गणपतीआधी माळा झाडताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा पे-बुकात चार घड्या घातलेली एक ग्रीक नोट मिळाली. तिच्यावर २ च्या पुढे नऊ शून्ये असून साल १९४४ आहे. आजोबांनी दोनशे कोटी लपवून आयुष्यभर भातशेती केली, अशी घरात थट्टा चालली आहे. या नोटेची त्या वेळी खरी किंमत किती होती?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : थट्टा चालू द्या, पण हिशेबही करून पाहू, कारण तो करण्यासारखा आहे. आपल्याकडे असलेली २०० कोटी द्राख्माची नोट ऑक्टोबर १९४४ मधली आहे. त्याच महिन्यात जर्मन फौजांनी अथेन्स सोडले आणि ११ नोव्हेंबर १९४४ रोजी ग्रीक सरकारने नवा द्राख्मा काढून ५,००० कोटी जुन्या द्राख्मांना एक नवा असा दर ठरवला. म्हणजे आजोबांच्या नोटेसारख्या २५ नोटा दिल्या, तर एक नवा द्राख्मा हाती येणार. असे ६०० नवे द्राख्मा म्हणजे एक ब्रिटिश लष्करी पौंड. आपल्याकडे तेव्हा पौंडाचा भाव १३ रुपये ५ आणे ४ पै होता, म्हणजेच २,५६० पै. या दराने त्या नोटेची किंमत एका पैच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढी भरते. एका पैचे सहा भाग करणारा व्यापारी तेव्हा खानापुरात काय, अथेन्समध्येही सापडला नसता. आजोबांनी ती आठवण म्हणून ठेवली असावी.

ही वेळ आली कशी, ते थोडक्यात सांगतो. एप्रिल १९४१ मध्ये ग्रीस पडल्यावर तेथे राहणाऱ्या परकीय सैन्याचा खर्च ग्रीक तिजोरीवरच टाकण्यात आला. समुद्रमार्गे येणारे धान्य बंद झाले आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात भीषण दुष्काळ पडला. कर गोळा करणारी यंत्रणा मोडून पडली होती आणि खर्च मात्र रोज वाढत होता. अखेरच्या महिन्यांत सरकारचा जवळजवळ सगळा खर्च नव्या नोटांवरच चालला होता. संग्राहकांच्या दृष्टीने अशा नोटा फारशा दुर्मीळ नाहीत, कारण त्या छापल्याच इतक्या गेल्या. तरी ती घडी उलगडून सपाट ठेवा आणि चिकटपट्टी मात्र लावू नका.

प्रश्न : सर, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. १९२३ मध्ये जर्मन सरकारने भरमसाट नोटा छापल्या म्हणून अतिचलनवाढ झाली, असे आमच्या पुस्तकात एका ओळीत दिले आहे. दुसऱ्या एका पुस्तकात सगळा दोष युद्धभरपाईवर टाकला आहे. यांतले खरे कोणते? आणि नोटा छापल्या की भाव वाढतात, हे त्या सरकारला कळत नव्हते का?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न पुस्तकातल्या उत्तरापेक्षा चांगला आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. नोटा छापणे हे ताप पाहण्याच्या काचेतल्या पाऱ्यासारखे आहे. पारा का चढला, याचे उत्तर काचेत नसते. माझ्या मते मूळ प्रश्न एकच होता, तो म्हणजे युद्धाचे बिल कोणी भरायचे. जर्मनीतल्या एकाही सरकारला दहा वर्षे या प्रश्नाचे उत्तर जनतेला तोंडावर सांगता आले नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच मार्कच्या बदल्यात सोने देणे बंद झाले. युद्धाचा खर्च करातून काढावा, तर लोकांचा उत्साह ओसरेल, या भीतीने सरकारने कर फारसे वाढवले नाहीत. नऊ वेळा युद्धकर्जरोखे काढले आणि उरलेली तफावत रिझर्व्ह बँकेसारख्या त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडून, राइशबँकेकडून, भागवली. यामागचा हिशेब असा होता की, युद्ध जिंकले की हरलेल्याकडून सगळे वसूल करता येईल. १८७०-७१ च्या युद्धानंतर फ्रान्सकडून ५०० कोटी फ्रँक घेतल्याची आठवण ताजी होती. पण १९१८ मध्ये हरले ते जर्मनच. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडत होते, ते युद्ध संपताना ८ च्या आसपास गेले होते. म्हणजे भरपाईचा आकडा ठरण्यापूर्वीच मार्क निम्म्यावर आला होता, हे ध्यानात ठेवा.

विजेत्या राष्ट्रांना द्यायच्या भरपाईचा आकडा मे १९२१ मध्ये ठरला : १३,२०० कोटी सुवर्णमार्क, म्हणजे युद्धापूर्वीच्या सोन्याच्या भावाने मोजलेले मार्क. तो सोन्यात, परकीय चलनात आणि कोळशासारख्या मालात द्यायचा होता. कागदी मार्क छापून ते कर्ज थेट फिटत नव्हते, परकीय चलन विकत घेण्यासाठी बाजारात मार्क ओतावे लागत आणि मार्क आणखी घसरे. त्याच वेळी विधवा, अपंग सैनिक, बेकार यांचा भार, रेल्वेचा तोटा आणि जुन्या रोख्यांचे व्याज हेही होतेच. कर वाढवावेत, तर उद्योगपती, जमीनदार आणि कामगार संघटना यांपैकी कोणीही आपला वाटा उचलायला राजी नव्हते, आणि परक्यांना द्यायचे पैसे आपल्या लोकांकडून वसूल करणारा मंत्री देशद्रोही ठरत होता. अर्थमंत्री माथियास एर्झबर्गर यांनी १९१९-२० मध्ये मोठी करसुधारणा केली. त्यांचा ऑगस्ट १९२१ मध्ये खून झाला. परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांचा खून जून १९२२ मध्ये झाला आणि त्यानंतर मार्कवरचा उरलासुरला विश्वास पार उडाला. म्हणून भरपाई हे कारण खरे असले, तरी ते एकटे पुरे पडत नाही. तिने जखम मोठी केली, पण जखम आधीची होती.

कडेलोट झाला तो ११ जानेवारी १९२३ रोजी. भरपाईचा कोळसा आणि लाकूड वेळेवर आले नाही म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूर खोऱ्यात घुसल्या. जर्मन सरकारने तेथील कामगारांना काम बंद ठेवायला सांगितले आणि घरी बसलेल्यांची मजुरी स्वतः द्यायचे कबूल केले. देशातल्या सर्वांत श्रीमंत औद्योगिक भागातून येणारा कर थांबला, कोळसा बाहेरून विकत घ्यावा लागला आणि लाखो माणसांचा पगार छापखान्यातून निघू लागला. जानेवारीत डॉलरला सुमारे १८ हजार मार्क होते, ऑगस्टमध्ये सुमारे ४६ लाख झाले आणि २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी. शंभराहून अधिक खासगी छापखाने नोटांच्या कामाला लागले होते आणि कित्येक नोटा एकाच बाजूने छापल्या जात होत्या. मजुरी रोज, काही ठिकाणी दिवसातून दोनदा दिली जाई आणि ती हातात पडताच माणसे मिळेल ती वस्तू घ्यायला धावत, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदललेला असे. या धावण्यानेही भाव चढतात, हे तुमच्या पुस्तकातल्या ‘चलनवेग’ या कोरड्या शब्दामागचे चित्र आहे.

कळत नव्हते का, याचे उत्तर अर्धे हो आणि अर्धे नाही असे आहे. राइशबँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हॅवेनस्टाइन यांना प्रामाणिकपणे वाटत होते की, मार्क घसरतो म्हणून भाव वाढतात, भाव वाढतात म्हणून नोटा कमी पडतात आणि त्या पुरवणे हे आपले कर्तव्य आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये त्यांनी लवकरच एका दिवसात तोवरच्या एकूण चलनाच्या दोन-तृतीयांश इतक्या नोटा काढता येतील, असे समाधानाने सांगितले होते. हे हास्यास्पद वाटते, पण बाजारात पाहणाऱ्याला नोटांची टंचाईच दिसत होती. भाव नोटांपेक्षा वेगाने पळत असल्यामुळे देशातल्या सगळ्या नोटांची मिळून खरी किंमत युद्धापूर्वीच्या चलनाच्या अगदी क्षुल्लक अंशावर आली होती.

प्रश्न : साहेब, आमच्याकडे सोसायटीचे पीककर्ज आहे आणि बँकेचेही आहे. त्या महागाईत जर्मन शेतकऱ्यांची सगळी कर्जे फिटली, असे ऐकले. मग सरकारने थोड्या नोटा जास्त छापून आमची कर्जे अशीच हलकी केली, तर बिघडले कुठे? ऊसबिल तरी कुठे वेळेवर मिळते!
— एक ऊस उत्पादक, चिकोडी तालुका

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. १९१४ मध्ये १० हजार मार्क कर्ज काढून शेत घेतलेल्या जर्मन शेतकऱ्याला नोव्हेंबर १९२३ मध्ये ते कर्ज फेडायला पावाचा तुकडाही विकावा लागला नसता, कारण बर्लिनमध्ये एका पावाचीच किंमत सुमारे २० हजार कोटी मार्क झाली होती. ह्यूगो स्टिनेस यांच्यासारख्या उद्योगपतींनी कर्जे काढून कारखाने आणि खाणी विकत घेतल्या आणि ती कर्जे रद्दीच्या भावात फेडली.

पण आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेले वाक्यच सगळ्यात महत्त्वाचे आहे, कारण कर्ज जसे पैशात मोजलेले देणे आहे, तसे ऊसबिल हे पैशात मोजलेले येणे आहे. नियमाप्रमाणे १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते तीन महिने थकले आणि भाव दर महिन्याला दुप्पट होत असले, तर गाळपाच्या दिवशी १ लाखाचे असलेले बिल हातात येईपर्यंत साडेबारा हजारांचे झालेले असेल. कागदावर आकडा लाखाचाच राहील, पण खताची पोती आठव्या हिश्श्याने येतील. सोसायटीचे कर्ज हलके होईल, हे खरे. पण त्या सोसायटीत ठेव ठेवणारा गावचाच कोणी निवृत्त मास्तर किंवा भिशीचे पैसे साठवणारी बाई असते आणि पुढच्या हंगामाला कर्ज देण्याइतके भांडवल त्या सोसायटीकडे उरत नाही.

जर्मन सरकारचेही असेच ऊसबिल थकले होते. आकारणी आज व्हायची आणि कर काही महिन्यांनी भरला जायचा. मधल्या काळात मार्क इतका पडे की आलेल्या रकमेतून कर गोळा करणाऱ्या कारकुनाचा पगारही निघत नसे. कर देणाऱ्याला उशीर करण्यातच फायदा दिसे. त्यामुळे तूट वाढे, तूट वाढली की आणखी नोटा निघत आणि नोटा निघाल्या की पुढच्या कराची किंमत आणखी घसरे. चलनवाढीने सरकारचे जुने कर्ज पुसले जाते, असे म्हणताना तिने सरकारचे उत्पन्नही खाल्ले, हे बहुतेक लोक विसरतात.

शेतकऱ्यांचा फायदा टिकला नाही, हेही सांगायला हवे. १९२३ च्या शरद ऋतूत जर्मनीत पीक बरे आले होते, पण रद्दी होत चाललेल्या मार्कच्या बदल्यात बटाटे द्यायला शेतकरी तयार नव्हते. शहरातली माणसे घड्याळे, तागे, पियानो घेऊन खेड्यांत येऊ लागली आणि काही ठिकाणी जमाव शेतांत घुसून बटाटे उपटू लागले. नोव्हेंबरमध्ये रेंटेनमार्क नावाचे नवे चलन आले, तेव्हा त्याला आधार म्हणून शेतजमिनी आणि उद्योग यांच्यावर कायद्याने बोजा चढवण्यात आला, म्हणजे ज्या सातबाऱ्यावरचे कर्ज कोरे झाले होते, त्याच्यावरच नवा बोजा आला. १९२५ च्या कायद्याने जुनी गहाणखतेही मूळ सुवर्णकिमतीच्या २५ टक्क्यांनी पुन्हा जिवंत झाली. युद्धकर्जरोखे घेतलेल्यांच्या वाट्याला मात्र त्याहूनही कितीतरी कमी आले. आणि ते घेतले होते शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विधवांनी, देशभक्ती म्हणून. मागाहून जर्मनीच्या राजकारणात जो कडवटपणा साचला, त्याचा एक मोठा झरा या घरांतून वाहिला, असे मला वाटते.

प्रश्न : नोटांवरची शून्ये काढून टाकली की महागाई थांबते काय?
— एक तंबाखू व्यापारी, निपाणी

उत्तर : थांबत नाही. जर्मनीत १५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क आला, एका रेंटेनमार्कला १ लाख कोटी जुने मार्क, आणि डॉलर पुन्हा ४.२ वर येऊन स्थिरावला. म्हणून लोकांना तो कागद चमत्कारी वाटला. पण त्याआधी सप्टेंबरमध्ये चॅन्सलर गुस्टाफ श्ट्रेझमान यांनी रूरमधला असहकार संपवून तो खर्च बंद केला होता, ऑक्टोबरमध्ये सरकारी नोकर २५ टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम निघाला होता आणि रेंटेनमार्क येताच राइशबँकेने सरकारच्या हुंड्या वटवणे, म्हणजे सरकारला उसने पैसे देणे, थांबवले. रेंटेनमार्कच्या एकूण रकमेवर कायद्याने मर्यादा होती, आणि डिसेंबरमध्ये सरकारने जादा पैसे मागितले, तेव्हा नकार मिळाला. माझ्या मते चमत्कार घडला तो त्या नकारात.

उलट उदाहरण वरच्या ग्रीक नोटेचेच आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये शून्ये गेली, पण कर वसूल होत नव्हते, डिसेंबरमध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर लढाई सुरू झाली आणि खर्च तसाच राहिला. पौंडाला ६०० असलेला नवा द्राख्मा जानेवारी १९४६ पर्यंत २० हजारांवर गेला. त्यानंतर ब्रिटनशी करार होऊन चलनावर परकीय सदस्य असलेल्या समितीची देखरेख आली, तेव्हा कोठे तो सावरू लागला.

हंगेरीचा विक्रम तर अजून कोणी मोडलेला नाही. जुलै १९४६ मध्ये तेथे भाव दर पंधरा तासांनी दुप्पट होत होते, म्हणजे सकाळी निपाणीत ठरवलेला सौदा दुसऱ्या दिवशी सकाळी माल उतरेपर्यंत तिपटीच्या घरात गेला असता. १ च्या पुढे २० शून्ये असलेल्या पेंग्योच्या नोटा व्यवहारात आल्या. १ ऑगस्ट १९४६ रोजी फोरिंट आला, तेव्हा एका फोरिंटला ४ च्या पुढे २९ शून्ये इतके पेंग्यो असा दर होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला सरकारने बँकठेवी आणि कर यांसाठी महागाईबरोबर रोज वाढणारा ‘करपेंग्यो’ काढला होता. कल्पना हुशारीची होती, पण तूट कायम असल्यामुळे तोही शेवटी तसाच वाहून गेला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे आणि निवृत्तिवेतनाशिवाय माझी थोडी मुदत ठेव आहे. बाजारात गेले की कांदा-टोमॅटोचे भाव ऐकून छातीत धस्स होते. जर्मनीसारखे आपल्याकडे होऊ शकेल का? दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे असे का झाले नाही?
— एक वाचिका, शहापूर, बेळगाव

उत्तर : बाई, आधी मोजमाप पाहू. फिलिप केगन या अर्थशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये घातलेली व्याख्या आजही वापरतात : महिन्याला ५० टक्के भाववाढ झाली की तिला अतिचलनवाढ म्हणावे. या वेगाने वर्षात भाव सुमारे १३० पट होतात. आपल्याकडे १९७४ मध्ये, तेलसंकटाच्या काळात, घाऊक भाव वर्षाला सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा सगळा देश हवालदिल झाला होता; ती वाढ केगनच्या सुमारे सतरा दिवसांत बसली असती. टोमॅटो एका महिन्यात दुप्पट होतो तो पावसामुळे आणि पुढच्या महिन्यात उतरतोही. अतिचलनवाढीत उतरणारे काहीच नसते.

दुसऱ्या महायुद्धात भारतातही नोटा बेसुमार निघाल्या होत्या. ब्रिटनच्या युद्धाचा येथील खर्च रुपयांत व्हायचा आणि त्याच्या बदल्यात लंडनमध्ये भारताच्या नावे पौंड जमा होत. या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक नोटा काढत असे, आणि १९३९ ते १९४५ या काळात चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. आपल्या मराठा पलटणींचे जवान इटलीत लढत होते, तेव्हा त्या युद्धाचे बिल असे आपल्या बाजारांतून वसूल होत होते. घाऊक भाव सुमारे अडीचपट झाले आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागे ही महागाई हे एक मोठे कारण होते. तरी ती जर्मनीच्या वाटेने गेली नाही, कारण येथली शेते आणि गिरण्या उद्ध्वस्त झाल्या नव्हत्या, कर वसूल होत होता, १९४३ पासून मुंबई प्रांतात रेशन आले, लोकांच्या हातातला पैसा ओढून घेण्यासाठी मित्रराष्ट्रांनी येथे सोनेही विकले आणि मुख्य म्हणजे युद्ध थांबले, तसा तो खर्चही थांबला.

तुमच्या ठेवीची काळजी वेगळी आहे आणि ती रास्त आहे. महिन्याला ५० टक्क्यांच्या महागाईत पैशाची किंमत दोन महिन्यांच्या आत निम्मी होते. वर्षाला ६ टक्क्यांच्या महागाईत त्याच घसरणीला सुमारे बारा वर्षे लागतात. ही हळू घसरण दिसत नाही, पण तुमच्या वयाला तीच मोजायला हवी. पासबुक घेऊन बसा, ठेवीच्या व्याजातून कर वजा करा आणि जी टक्केवारी उरेल ती तुमच्याच घरखर्चाच्या वहीतल्या गेल्या वर्षीच्या व यंदाच्या आकड्यांशी ताडून पाहा. किराणा, दूध, वीज आणि औषधे हे चार रकाने वेगवेगळे मांडा, कारण उतारवयात औषधांचा रकाना सरकारी निर्देशांकापेक्षा बहुधा वेगाने वाढलेला दिसतो.